हबीब मास्तरांची खरी वाक्यं

हबीब मास्तरांना नोकरीतून कमी केल्याचा कागद इंग्रजीत होता. त्याच्या मथळ्यात 'डिसिप्लिनरी' असा शब्द होता. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ नेला, तो शब्द वाचला आणि म्हणाले, "हा घरातला चौथा."

खोलीत आम्ही सात-आठ जण होतो. त्यांच्या बोलण्याचा अर्थ फक्त दोघांना कळला. एक मी. दुसरा बसवंत, ज्याच्या अर्जावरून ही चौकशी झाली होती. तो त्यांचा विद्यार्थी होता.

मी त्या शाळेत मराठीचा शिक्षक होतो. पुढं सोलापूरला एका वर्तमानपत्रात गेलो आणि घडलं ते घडलं तसं लिहायची सवय लागली. एवढी एक गोष्ट मात्र लिहिली नव्हती. शाळेचं गाव तुळजापूरच्या दक्षिणेला, इंग्रजी मुलखाच्या हद्दीपासून चार कोसांवर. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या घरची माणसं अजून तिथं राहतात. माणसांची नावंही बदलली आहेत.

राज्य निजामाचं होतं. शाळा सरकारी, शिकवणं उर्दूतून. मराठी आणि इंग्रजी हे नुसते विषय. इंग्रजी शिकवणारे एकटे हबीब मास्तर. उंच, काटक, गळ्यापर्यंत बटणं लावलेली करडी शेरवानी. शेरवानीच्या उजव्या खिशात खडू, डाव्या खिशात लाल पेन्सिल. दहा वर्षांत खिशांची अदलाबदल झालेली मी पाहिली नाही. ते मूळचे येडशीचे. वडील तिथल्या स्टेशनात कामाला होते. पहिलं इंग्रजी त्यांनी स्टेशनातल्या पाट्यांवरून वाचलं. "आधी पाट्या, नंतर पुस्तकं," असं ते सांगत. "पाटीवर खोटं लिहिलं तर माणूस चुकीच्या गाडीत बसतो."

वर्गात गेल्यावर ते फळ्याच्या मधोमध एक शब्द लिहीत आणि त्याचा शजरा काढत. शजरा म्हणजे वंशावळ. दरवर्षी नव्या वर्गाचा पहिला शब्द ठरलेला असे, डिसिप्लिन. तो लिहून झाला की त्याच्या वर आजा म्हणून डिसाइपल बसवत. डिसाइपल म्हणजे शागिर्द, शिकायला आलेला. त्याच्याखाली खुद्द डिसिप्लिन. "याचे धंदे तीन," मास्तर बोटांवर मोजून सांगत. "शिस्त हा एक. शिक्षा दुसरा. आणि विद्येची एखादी शाखा, तिलाही हेच नाव. पण आजा कोण? शागिर्द. छडी नाही. छडी नंतर घरात आली." मग डिसिप्लिन्ड, म्हणजे ज्याच्या अंगात शिस्त मुरली आहे तो. चौथा डिसिप्लिनरी. "हा कचेरीत असतो. घरी क्वचित येतो. आला की कुणाचं तरी वाईट होतं." पाचवा डिसिप्लिनेरियन. "हा काका. हात उगारल्याशिवाय बोलत नाही." आणि शजऱ्याच्या बाहेर, दाराशी, इनडिसिप्लिन. "हाही घरचाच. घर सोडून गेलेला."

मागच्या बाकावरून दरवर्षी कुणी तरी विचारायचं, "मास्तरसाब, ह्या काकाचं लगीन झालंय का?"

"नाही झालं. त्याला पोरगी कोण देतं?"

मुलं हसत. भिंतीपलीकडं हेडमास्तरांना हे हसणं आवडत नसे. त्यांना डिसिप्लिनचा दुसराच धंदा ठाऊक होता आणि त्यासाठी त्यांच्या कपाटात वेताच्या चार छड्या होत्या.

शजरा झाला की प्रत्येक शब्दावर एकेक वाक्य. वाक्य मुलानं स्वतः करायचं, आणि ते खरं पाहिजे. हा मास्तरांचा कायदा होता. मुलगा उभा राहून वाक्य वाचे. मास्तर आधी इंग्रजी तपासत, मग मान वाकडी करून विचारत, "सच है क्या?"

एकानं लिहिलं, वाघ हा शिस्तीचा प्राणी आहे.

"वाघ पाहिलास?"

"न्हाय, मास्तरसाब."

"मग त्याच्या चालीरीती कशाला सांगतोस? तुझ्या घरी काय आहे?"

"म्हस हाय."

"ती शिस्तीची आहे का?"

"अजिबात न्हाय. सारखी दावं तोडती."

"मग तेच लिही."

दुसऱ्यानं लिहिलं, माझा बाप डिसिप्लिनेरियन आहे. नेहमीचा प्रश्न झाला. मुलानं सदरा वर करून पाठ दाखवली. मास्तरांनी पाठीकडं पाहिलं, वहीत लाल पेन्सिलीनं 'दुरुस्त', म्हणजे बरोबर, असं लिहिलं, आणि त्या संध्याकाळी त्या बापाच्या दुकानावर जाऊन बसले. काय बोलले ते कळलं नाही. मुलगा आठवडाभरानं म्हणाला, "बा आता हाणत न्हाय. पर बोलतबी न्हाय." मास्तर म्हणाले, "हेही लिही."

क्रमिक पुस्तकात एक वाक्य होतं, राजा दयाळू असतो. एका मुलानं ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. मास्तरांनी विचारलं, "तू राजाला भेटलास?" वर्ग चूप झाला. त्या काळात हा प्रश्न विनोद म्हणूनही कुणी विचारत नसे. मास्तरांना ते ध्यानातही आलं नव्हतं. भेटलेला नाही म्हणून वाक्य बाद, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

हा कायदा ते स्वतःलाही लावत. एकदा ते घंटेनंतर आले. आल्या आल्या फळ्यावर इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. मी आज उशिरा आलो. माझी बायको आजारी आहे. दुसरं वाक्य ही सबब नव्हे. मग फळा पुसला आणि शिकवायला लागले. त्यांची बायको त्या आठवड्यात वारली. दफन आटोपून ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले, तेव्हा फळ्यावर काही लिहिलं नाही.

एका तपासणीच्या वेळची गोष्ट. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, त्यांना मोहतमीम म्हणत, शाळा पाहायला येणार होते. पटावरची मुलं आणि बाकावरची मुलं यांत फार अंतर होतं. हेडमास्तरांची रीत अशी की तपासणीच्या सकाळी शिपायाला बाजारात पाठवायचं आणि दिसतील ती पोरं आणून मागच्या बाकांवर बसवायची. मोहतमिमांसाठी इंग्रजी अहवाल लिहायचं काम हबीब मास्तरांचं. त्यांनी लिहिलं, 'आज वर्ग भरलेले आहेत. मागच्या दोन रांगा सकाळी बाजारातून आणल्या आहेत.' मोहतमिमांनी तो हेडमास्तरांसमोर वाचला.

अधिकारी गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, "हबीबसाहेब, तुम्ही आमचे दोस्त की दुश्मन?"

"जुमला चुकला का?" वाक्याला मास्तर जुमला म्हणत.

"जुमला नाही चुकला! तुमचं डोकं चुकलं!"

त्या वर्षी मास्तरांकडून वरचे वर्ग काढून घेतले आणि त्यांना मुळाक्षरं शिकवायला बसवलं. वर्षभर त्यांनी मुळाक्षरं शिकवली. कुरकुर केली नाही. फक्त दुपारी चहाच्या वेळी वरच्या वर्गाच्या खिडकीजवळून जात आणि फळ्यावर काय लिहिलं आहे ते पाहून पुढं जात.

वरचे वर्ग परत मिळाले तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. चाळीस वह्या त्यांना एका बैठकीत झेपत नसत. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. वह्या आधी माझ्याकडं येत. मी फक्त अक्षर बघायचं, वेडंवाकडं असेल तिथं निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढायची. मग वह्या त्यांच्याकडं. ते लाल पेन्सिलीनं वाक्यं तपासत. ही वाटणी आमच्या दोघांतली होती. मुलांना वाटे, निळी पेन्सिलही मास्तरांचीच.

त्याच वर्गात बसवंत होता. वय सोळा-सतरा. शेजारच्या हद्दीवरल्या गावातला, लिंगायत घरातला. घरी कानडी, शेजारी मराठी, शाळेत उर्दू, आणि या तिन्हींपेक्षा त्याचं इंग्रजी स्वच्छ होतं. वडील नव्हते. आई आणि थोरला भाऊ मल्लिनाथ. या मुलाला मॅट्रिकला बसवायचं हे मास्तरांनी मनात धरलं होतं. त्या गावातून तोवर कुणी मॅट्रिक झालं नव्हतं. शाळा सुटल्यावर ते त्याला तासभर थांबवून घेत. "माझ्या हातून एक तरी पुरा शागिर्द होऊ द्या," असं मला म्हणाले होते. शजऱ्यातला आजा, तो.

राज्याची शेवटची दोन वर्षं चालू होती. हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला छावण्या उभ्या राहिल्या होत्या. निजामी राजवट जावी म्हणून लढणारे तरुण तिथं राहत आणि अधूनमधून अलीकडं येऊन नाकी, चौक्या जाळून परत जात. मल्लिनाथ त्यांच्यात होता. हे गावाला ठाऊक होतं, शाळेलाही ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं.

नव्या वर्षाचा पहिला शब्द नेहमीप्रमाणं डिसिप्लिन झाला. बसवंतनं वाक्य वाचलं. माझा भाऊ सोलापुरात शिकतो, तो शिस्तीचा विद्यार्थी आहे.

मास्तरांनी मान वाकडी केली. "सच है क्या?"

बसवंत उभा राहिला तो उभाच. वर्गातली मुलं बाकाकडं बघत होती. मास्तर म्हणाले, "दुसऱ्यांची मी एक वेळ माफ करतो. तुझी वही मला खोटी नको."

सुटीत तो शिक्षकांच्या खोलीच्या दारात आला. मी वह्या पुढं घेऊन बसलो होतो. निळी पेन्सिल माझ्या हातात होती.

"मास्तरसाब, खरं लिवलं तर चालंल का?"

"खरंच लिहायचं."

"ही वही आणखी कोन वाचतंय?"

"मी. माझ्याशिवाय कोण वाचणार?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मीही मान वर केली नाही. बसवंत गेला.

तीन दिवसांनी वही माझ्याकडं आली. त्यात सुंदर, तिरप्या इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं, 'माझा थोरला भाऊ शिस्तीचा माणूस आहे. तो दर सोमवारी घरी जेवायला येतो आणि उजाडायच्या आत निघून जातो.'

मी ते वाचलं. दोनदा वाचलं. सोमवार या शब्दाचं अक्षर ओळीखाली किंचित घसरलं होतं. त्याखाली मी निळी रेघ ओढली आणि वही गठ्ठ्यात घातली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याच ओळीसमोर लाल पेन्सिलीनं 'दुरुस्त' लिहिलं. एरवी ते नुसती खूण करत.

त्याच आठवड्यात तपासणी आली. आदल्या दिवशी हेडमास्तर हबीब मास्तरांना म्हणाले, "यंदा काही लिहू नका. हात जोडतो. मागतील ते दाखवा, विचारतील ते सांगा, बस."

मोहतमीम नवे होते. त्यांच्याबरोबर तालुक्याचा पोलीस अधिकारी, अमीन, हाही आला होता. त्या दिवसांत कोणताही अधिकारी एकटा फिरत नसे. अमीन खिडकीजवळच्या खुर्चीवर चहाची बशी घेऊन बसला. मोहतमिमांनी वरची वही उघडली आणि हसायला लागले. म्हशीचं वाक्य असावं.

"हे जुमले कुठल्या किताबातले?"

"किताबातले नाहीत, साहेब," मास्तर म्हणाले. "एकेक जुमला मुलाचा स्वतःचा आहे. आणि एकेक जुमला खरा आहे."

अमिनानं बशी खाली ठेवली.

मोहतमिमांनी विचारलं, "सर्वांत चांगली वही कोणती?"

मास्तरांनी गठ्ठ्यात न शोधता हात घातला आणि बसवंतची वही काढून दिली. इतकी वर्षं मुळाक्षरांच्या वर्गात, खिडकीबाहेर आणि फळ्यासमोर पाहिलेला तो चेहरा त्या दिवशी मला ओळखू आला नाही. नव्या नवरदेवासारखा दिसत होता. मोहतमिमांनी पानं चाळली. "शाबास. ही सदर कचेरीत दाखवायला नेतो." मास्तर म्हणाले, "जरूर, साहेब, जरूर." अमिनानं हात पुढं केला आणि वही स्वतःच्या पिशवीत घातली. हेही मी पाहिलं.

तिसऱ्या सोमवारी उजाडताना बसवंतच्या घराला पोलिसांनी वेढा दिला. मल्लिनाथ मागच्या गडग्यावरून उडी टाकत असताना गोळी लागून पडला आणि तिथंच गेला. बसवंतला धरून नेलं. जबाब घेताना अमिनानं त्याच्यापुढं त्याचीच वही उघडून ठेवली. आठ दिवसांनी त्याला सोडलं. तो शाळेत परत आला नाही.

मास्तर त्याच्या गावी गेले. मी बरोबर होतो. चालत गेलो. बसवंतची आई उंबऱ्यात बसली होती. तिनं आम्हांला आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

मास्तर म्हणाले, "आई, मी हबीब. शाळेतला."

"वळखते की. लई नाव घ्यायचा तुमचं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "एक सांगा, मास्तर. माझ्या लेकानं खरं लिवलं म्हनं."

"हो. खरं लिहिलं."

"मंग तुमीच कसं खोटं बोल्लासा? म्या एकलाच वाचनार, असं तुमी त्येला म्हनला व्हता."

मास्तरांनी पायातले जोडे काढले, अंगणातल्या मातीला हात लावला, जोडे हातातच घेतले आणि परत फिरले. बसवंत आत होता. दाराच्या फटीतून त्याचा पाय दिसत होता.

शाळा चालू राहिली. मास्तर शजरे काढत राहिले, वाक्यं मागत राहिले, प्रत्येक वाक्यानंतर तोच प्रश्न विचारत राहिले. मुलांच्या वह्यांत आता फक्त गाई, कावळे आणि सूर्य असत. गाय गवत खाते. कावळा काळा असतो. सूर्य पूर्वेला उगवतो. सगळी वाक्यं खरी होती. मास्तर प्रत्येकापुढं लाल खूण करत.

मग हिंदुस्थानचं सैन्य आलं आणि राज्य चार-पाच दिवसांत संपलं. शाळेच्या दारावरची उर्दू पाटी उतरली. मोहतमीम आणि अमीन दोघंही कुठं गेले ते कळलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत मुसलमानांची घरं जळाली. मास्तरांच्या गल्लीतली चार घरं रिकामी झाली. लेक लातुरात दिली होती, तिनं निरोपावर निरोप पाठवले. मास्तर गेले नाहीत. शाळा उघडली त्या दिवशी घंटेच्या आधी फाटकात उभे होते. गावातल्या कुणी त्यांना हात लावला नाही. कुणी त्यांच्याशी बोललंही नाही.

बसवंतनं नव्या कचेरीत अर्ज दिला. शिक्षकानं विद्यार्थ्याची वही पोलिसांच्या हवाली केली, त्यात माझा भाऊ गेला, चौकशी व्हावी. चौकशीसाठी एक अधिकारी आणि गावातले तीन प्रतिष्ठित लोक नेमले गेले. त्यांतल्या दोघांनी निजामी अंमलात त्याच अमिनाला घरी जेवायला बोलावलं होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी मास्तरांसाठी एक जबाब लिहून नेला. मराठीत, थोडक्यात. अमीन हजर होता, वही जबरीनं नेण्यात आली, माझा नाइलाज होता. एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. समितीलाही ते मिटवायचंच होतं. अमिनाचं नाव फार वेळा निघावं असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं.

मास्तरांनी कागद नाकाजवळ नेऊन वाचला.

"सच है क्या?"

"अमीन तिथं बसला होता, हे तर खरं आहे ना?" मी म्हणालो.

"बसला होता. चहा पीत होता." त्यांनी कागदाची नीट घडी करून माझ्या हातात दिली. "मी दिली."

दुसऱ्या दिवशी शाळेतल्याच एका खोलीत बैठक झाली. वही पोलिसांच्या कागदांत सापडली होती. ती टेबलावर उघडी होती. अधिकाऱ्यानं ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, "वही तुम्ही दिली?"

"हो. माझ्या हातानं."

"जबरदस्ती झाली?"

"नाही."

समितीतले एक जण घाईनं म्हणाले, "मास्तर, जरा आठवून सांगा. त्या वेळी भीती होतीच की सगळ्यांना."

"मला नव्हती," मास्तर म्हणाले. "मी खुश होतो."

बसवंत भिंतीला टेकून उभा होता. वर्षभरात त्याला मिशी फुटली होती. अधिकाऱ्यानं परवानगी दिल्यावर त्यानं सरळ मास्तरांनाच विचारलं.

"मास्तरसाब, म्या लिवलेलं वाचलं तवा तुमाला समजलं न्हाय का?"

"समजलं."

"समजलं, आन तरीबी वही देली?"

मास्तरांनी चष्मा काढला, शेरवानीच्या टोकाला पुसला, परत लावला.

"मला वाटलं, ते इंग्रजी बघतील," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. बसवंत म्हणाला, "म्या पयलं खोटं लिवलं व्हतं. सोलापुरात शिकतो म्हून. तुमी ते बाद केलं." त्यानं टेबलावरच्या वहीकडं बोट केलं. "ते बाद केलं नसतं तर आज माझा आण्णा जेवायला घरी आला असता." मग तो परत भिंतीला टेकला.

अधिकारी वही उलटसुलट करत होता. पान उजेडाकडं धरून म्हणाला, "इथं सोमवार या शब्दाखाली निळी रेघ आहे. ही कुणाची?"

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, साक्षीदारांच्या बाकावर बसलो होतो. मला कुणी साक्ष विचारलेली नव्हती.

मास्तर म्हणाले, "लाल खूण माझी आहे."

"मी निळ्या रेघेबद्दल विचारतोय."

"लाल खूण माझी आहे, साहेब. ओळ मी वाचली. वही मी दिली."

अधिकाऱ्यानं खांदे उडवले आणि लिहून घेतलं. निळी रेघही मास्तरांच्या नावावर गेली. बसवंतला ती आधीपासून त्यांचीच वाटत होती. पंधरा दिवसांनी त्याच खोलीत तो इंग्रजी कागद आला.

मास्तरांनी खडू आणि लाल पेन्सिल टेबलावर ठेवली, रिकामे खिसे एकदा चाचपले आणि निघून गेले. त्यांच्या जागी आलेले शिक्षक वाक्यं फळ्यावर लिहून देत आणि मुलं ती उतरवून घेत. बसवंत पुढं शिकला नाही. त्यानं शेती पाहिली, बाजारात धान्याचं दुकान घातलं. मॅट्रिक होणारा त्या गावातला पहिला मुलगा दुसऱ्याच घरचा निघाला. मी त्याच वर्षी शाळा सोडून वर्तमानपत्रात गेलो.

हबीब मास्तर मला त्यानंतर एकदाच भेटले, वर्ष-दीड वर्षानं, येडशीच्या स्टेशनात. मी बातमीच्या कामानं आलो होतो. दुपारची वेळ. लातूरकडं जाणारी छोटी गाडी उभी होती. फलाटावर एका पत्र्याच्या पेटीवर ते बसले होते. शेरवानी तीच. वडिलांचं राहिलेलं घर बंद करून कायमचे मुलीकडं निघाले होते.

"बसा," ते पेटीवर सरकत म्हणाले. "वर्तमानपत्रात आहात म्हणे. छान. तिथं तर सगळं खरंच लिहावं लागत असेल."

टोमणा होता की नाही ते मला कळलं नाही. मी विचारलं, लातुरात काय करणार. म्हणाले, "दोन घरी शिकवायचं ठरलंय. शब्द सांगणार. शजरा काढणार. वाक्यं पुस्तकातली घेणार." मग म्हणाले, "राजा दयाळू असतो, ते चांगलं वाक्य होतं. मी उगाच बाद केलं."

गाडीनं शिटी दिली. मी पेटी डब्यात चढवून दिली. ते खिडकीशी बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडं पाहिलं. इतक्या जवळून ते फक्त कागदाकडं पाहत.

"एक विचारायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "ती निळी रेघ. ओळ वाचून ओढली होती का?"

"नाही," मी म्हणालो. "मी फक्त अक्षर बघितलं."

मास्तरांची मान सवयीनं किंचित वाकडी झाली. मी वाट पाहिली. गाडी हलली. त्यांनी मान सरळ केली, चष्मा खाली ओढला आणि म्हणाले, "अच्छा."

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.